मालकी आणि निगा : अमेरिकेतील आउटबोर्ड मोटरच्या इतिहासाचे एक अंग

१

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोध, शोधक आणि कारखाना या तीन गोष्टींवरच सामान्यतः आपली दृष्टी खिळून राहते. यंत्र विकले गेले म्हणजे त्याचा इतिहास संपला, अशीच जणू आपली समजूत असते. वस्तुतः ग्राहकाच्या हाती पडल्यानंतरच यंत्राचे खरे आयुष्य सुरू होते, आणि ते किती टिकावे हे त्याची निगा कोण व कशी राखतो यावर ठरते. निगा राखण्याचे हे श्रम कोणाच्या वाट्याला येतात, ते एका हातातून दुसऱ्या हातात केव्हा आणि कोणत्या कारणाने जातात, हा प्रश्न तंत्रविद्येइतकाच सामाजिक इतिहासाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका लहानशा यंत्राच्या आधारे करावयाचा आहे. ते यंत्र म्हणजे अमेरिकेतील हौशी नौकामालकाची आउटबोर्ड मोटर होय.

आउटबोर्ड मोटर नौकेच्या पोटात कायमची बसविलेली नसते. नौकेच्या मागील आडव्या फळीवर ती बाहेरून पेचांनी आवळून बसवितात. वरच्या बाजूस इंजिन, त्यातून खाली उतरणारा उभा दांडा, तळाशी दंतचक्रे आणि पाण्यात फिरणारा पंखा, अशी तिची रचना असते. संपूर्ण यंत्रच उजवीकडे-डावीकडे वळविता येत असल्यामुळे सुकाणूचे कामही तेच करते. काम संपल्यावर ते उतरवून घरी नेता येते.

हौशी नौकेचाच विचार येथे का करावयाचा, याचे कारण स्पष्ट आहे. मालवाहू जहाजाच्या यंत्राची देखभाल हा पगारी कामाचा भाग असतो; तिचा खर्च धंद्याच्या हिशेबात बसतो. हौशी मालकाची गोष्ट निराळी. त्याने नौका घेतलेली असते ती विश्रांतीसाठी, परंतु त्या विश्रांतीच्या वेळातूनच त्याला यंत्राची निगा राखण्याचे श्रम काढावे लागतात. म्हणूनच हे श्रम जड झाले की तो यंत्र टाकून देतो, आणि हलके झाले की त्याच्यासारखे आणखी हजारो लोक यंत्र विकत घेतात. या धंद्याच्या चढउतारांमागे हे साधे गणित सातत्याने उभे असलेले दिसते.

२

नौकेला जोडता व काढता येणाऱ्या यंत्राची कल्पना मूळची अमेरिकन नव्हे. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ साली पॅरिस येथे सेन नदीत विजेवर चालणाऱ्या अशा मोटरीचा प्रयोग केला होता. परंतु विद्युत्घटांचे वजन आणि त्यांची अल्प शक्ती यांमुळे तो मार्ग त्या काळी लोकव्यवहारात उतरला नाही. लहान नौकेला पेलेल असे इंजिन मिळावयास दोन ठोक्यांचे पेट्रोल-इंजिन यावे लागले. १८९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जोसेफ डे याने या इंजिनाचे जे सुटसुटीत रूप सिद्ध केले, त्यात झडपांचा गुंतागुंतीचा संसार नव्हता. कमी भाग आणि कमी वजन हा त्याचा गुण. त्याचा दोष पुढे सविस्तर येईलच.

अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन हा येल विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी असताना आपल्या मोटारसायकलचे इंजिन साफ करण्यासाठी खोलीत काढून बसला होता. खुर्चीच्या पाठीवर टांगलेले ते इंजिन पाहून नौकेच्या फळीवरही ते असेच टांगता येईल असे त्याला सुचले, अशी हकीकत सांगितली जाते. त्याला १९०७ साली एकस्व मिळाले आणि ‘वॉटरमन पोर्टो’ या नावाने त्याच्या मोटरी विकल्या गेल्या.

तथापि लोकस्मृतीत या यंत्राचे जनकत्व गेले ते ओले एव्हिनरूड याच्याकडे. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला ओले बालपणीच आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिन राज्यात आला आणि पुढे मिल्वॉकी शहरात यंत्रांचे नमुने तयार करणारा कारागीर म्हणून नावारूपास आला. त्याच्याविषयीची आइस्क्रीमची कथा सर्वश्रुत आहे. ऐन उन्हाळ्यात सरोवराकाठी वनभोजनास गेले असता भावी पत्नी बेस हिला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओलेने वल्ही मारीत पलीकडचा काठ गाठला. परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले, आणि त्या शिणातून मोटरीची कल्पना निघाली. या कथेतील सरोवराचे नाव, अंतर आणि वर्ष यांबाबत सर्व कथनांचे एकमत नाही. अशी कथा प्रमाण म्हणून स्वीकारण्यापेक्षा ती कोणत्या गरजेतून टिकली हे पाहणे अभ्यासकाला अधिक फलदायी ठरेल. या कथेत यंत्र श्रम नाहीसे करते. वल्ह्यांचे कष्ट संपतात आणि त्यांच्या जागी दुसरे कष्ट येत नाहीत. कारखान्याच्या जाहिरातीही हेच सांगत होत्या. वॉटरमनच्या कथेचा आरंभ मात्र इंजिन साफ करण्यापासून, म्हणजे निगेपासून होतो. ती कथा लोकांच्या तोंडी फारशी राहिली नाही.

१९०९ साली एव्हिनरूडची मोटर बाजारात आली. तिची शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर होती. जाहिराती, पत्रव्यवहार आणि हिशेब ही सर्व बाजू बेस एव्हिनरूड सांभाळीत असे. धंदा वाढविण्यात तिचा वाटा पतीहून कमी नव्हता, आणि १९१४ साली कारखाना भागीदारास विकून टाकला गेला तोही तिच्या ढासळलेल्या प्रकृतीमुळेच. एव्हिनरूड दांपत्य काही वर्षांनी पुन्हा धंद्यात उतरले ते ॲल्युमिनियमचा भरपूर उपयोग केलेली, दोन सिलिंडरांची ‘एल्टो’ ही हलकी मोटर घेऊन. १९२१-२२ च्या सुमारास एल्टो आणि इंडियाना राज्यातील जॉन्सन बंधूंची केवळ ३५ पौंडांची मोटर या दोहोंनी यंत्र खऱ्या अर्थाने हाताने उचलून नेण्याजोगे केले.

३

या पहिल्या पिढीतील मोटरींचा मालक होणे म्हणजे काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. यंत्र सुरू करण्यासाठी वरचे जड चक्र त्यावरील मुठीने किंवा गुंडाळलेल्या दोरीने फिरवावे लागे. चक्र उलटे फिरले तर बोटांची सालटी निघत. बहुतेक मोटरींना यंत्र चालू ठेवून पंखा थांबविण्याची सोय नव्हती. इंजिन सुरू झाले की नौका निघालीच. पेट्रोलची टाकी यंत्राच्याच डोक्यावर असे, आणि ती संपली की भर पाण्यात, डोलणाऱ्या नौकेत उभे राहून तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल ओतावे लागे.

दोन ठोक्यांच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असते. अनेक जुन्या मोटरींना सोळा भाग पेट्रोलास एक भाग तेल लागे. तेल कमी पडले तर दट्ट्या अडकून इंजिन कायमचे बिघडे. जास्त झाले तर स्पार्क प्लगवर काजळी धरून ठिणगीच पडेनाशी होई. ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोतील स्पर्शबिंदू घासून त्यांच्यातील फट ठीक ठेवावी लागे. पंखा खडकावर किंवा बुडालेल्या ओंडक्यावर आपटला तर दंतचक्रे वाचावीत म्हणून मऊ धातूची एक लहान खीळ मुद्दाम कमजोर ठेवलेली असे. ती तुटली की सांडशीने काढून नवी घालावयाची. सुज्ञ मालक अशा चार-सहा खिळा जवळ बाळगीत असे. इंजिन थंड ठेवणारे पाणी वर चढते की नाही हे बाहेर पडणाऱ्या धारेवरून पाहावयाचे, आणि ती आटली तर पंपात वाळू किंवा शेवाळ अडकले असे समजून यंत्र तत्काळ बंद करावयाचे, हाही त्याच शिक्षणाचा भाग होता.

विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन ही या छंदाची माहेरघरे. तेथील सरोवरे हिवाळ्यात गोठतात, त्यामुळे निगेलाही ऋतुचक्राचे रूप आले. शरद ऋतूत मोटर उतरवून तिच्यातील पाण्याचा थेंबन्‌थेंब निथळून काढावयाचा. कारण राहिलेले पाणी गोठून फुगते आणि धातूला तडा जातो. सिलिंडरमध्ये तेल सोडून चक्र हाताने फिरवावयाचे, म्हणजे आतला भाग गंजत नाही. दंतचक्रांच्या पेटीतील तेल काढून पाहावयाचे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी आत शिरत आहे, असे निदान करावयाचे. वसंतात नौकेची लाकडी बांधणी तपासून, सांधे भरून, रंग देऊन ती पुन्हा पाण्यात सोडावयाची. समुद्रकिनाऱ्यावरील मालकाला याखेरीज प्रत्येक फेरीनंतर यंत्रात गोडे पाणी खेळवून मीठ धुऊन काढावे लागे.

या काळात मालक हाच कारागीर होता, आणि हे ज्ञान माहितीपुस्तिका, शेजारी आणि अनुभव यांतून मिळे. १९१४ साली स्थापन झालेल्या ‘युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वाड्रन्स’ या हौशी नाविकांच्या संस्थेने नौकानयनाबरोबरच इंजिनाच्या निगेचेही शिक्षण आपल्या अभ्यासक्रमांत आणले. दुसऱ्या महायुद्धात नागरी मोटरींचे उत्पादन थांबले तेव्हा जुनी यंत्रे चालू राहिली, ती मालकांच्या अंगी बाणलेल्या या कारागिरीमुळेच.

राज्यसंस्थाही या यंत्राकडे त्या वेळी तात्पुरता पाहुणा म्हणूनच पाहत होती. यांत्रिक नौकांना क्रमांक देण्यासंबंधी १९१८ साली जो संघीय कायदा झाला, त्यातून सोळा फुटांपर्यंतच्या, काढता येणारी मोटर तात्पुरती बसविलेल्या नौका वगळण्यात आल्या होत्या. कायद्याच्या दृष्टीने मोटर लावली तरी ती होडी होडीच राहिली.

४

दुसरी पिढी घडली ती एका दुरुस्तीच्या प्रसंगातून. १९३९ साली कार्ल कीकहेफर या तरुण अभियंत्याने विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग येथील एक बुडालेला कारखाना घेतला. तेथे एका मोठ्या टपाल-विक्री कंपनीने सदोष म्हणून परत केलेल्या सुमारे तीनशे आउटबोर्ड मोटरी पडून होत्या. कीकहेफरने त्या उघडून सुधारल्या. त्याच कंपनीने त्या स्वीकारल्या आणि आणखी मागविल्या. ‘मर्क्युरी’ मोटरींचा उदय येथून झाला. बिघाड मालकाने घरी निस्तरण्याऐवजी तो कारखान्यातच होऊ न देणे, हे त्याच्या धंद्याचे सूत्र बनले. १९५७ साली फ्लोरिडातील एका बंदिस्त सरोवरात मर्क्युरी मोटरी रात्रंदिवस चालवून ५०,००० मैलांची जी चाचणी घेण्यात आली, तिच्या प्रसिद्धीचा रोख याच आश्वासनाकडे होता.

एव्हिनरूड व जॉन्सन ही दोन्ही नावे १९३० च्या दशकात एकाच छत्राखाली आली होती. त्या समूहाने १९४९ साली दहा अश्वशक्तीची जी जॉन्सन मोटर काढली, तीत पुढे, स्थिर आणि मागे अशा तीन अवस्थांचा गिअर होता, तसेच नौकेच्या तळावर ठेवावयाची वेगळी पेट्रोल-टाकी होती. आता इंजिन सुरू करून नौका जागीच उभी ठेवता येऊ लागली. भर पाण्यात पेट्रोल ओतण्याचा प्रसंग टळला. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी व पुढे विजेचे स्टार्टर आले. तेलाचे प्रमाण चोविसास एक, आणि १९६० च्या दशकात पन्नासास एक इतके खाली आले. १९८० च्या दशकात तेल आपोआप मिसळणाऱ्या मोटरी निघाल्या. लाकडी नौकेची जागा ॲल्युमिनियम आणि काचतंतूंच्या नौकांनी घेतल्यामुळे दर वसंतातील सांधे भरण्याचे कामही संपले.

या सुधारणांना अनुकूल परिस्थिती भोवताली तयारच होती. चाळीस तासांचा कामाचा आठवडा रूढ झाला होता. हूव्हर धरण आणि टेनेसी खोऱ्यातील नॉरिस, केंटकी आदी धरणे यांमुळे जेथे पूर्वी नैसर्गिक सरोवरे नव्हती तेथे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले होते. मोटारीमागे ट्रेलर जोडून नौका घराच्या अंगणातून थेट पाण्यापर्यंत नेता येत होती. सरोवराकाठी घर नसलेले कामगार कुटुंबही आता नौकेचे मालक होऊ शकत होते.

परंतु श्रम नाहीसे झाले, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. त्यांनी स्थान बदलले. बंद आवरणाखाली गेलेले, अनेक सिलिंडरांचे, साठ व पुढे शंभर अश्वशक्तीचे यंत्र सांडशी आणि स्क्रू-ड्रायव्हर यांना दाद देणारे नव्हते. ते एकट्या माणसाला उचलताही येत नसे. विक्रेता, त्याची कर्मशाळा, कारखान्यात शिकून आलेला कारागीर आणि सुट्या भागांचे कोठार ही साखळी मालकाच्या व यंत्राच्या मध्ये उभी राहिली. शरद ऋतूतील यंत्र निथळण्याचे काम पैसे देऊन करून घेण्याची प्रथा पडली. मालकाची कामे कमी झाली आणि त्याबरोबर यंत्राविषयीचे त्याचे ज्ञानही कमी झाले.

कायद्यातही याचे प्रतिबिंब उमटले. १९४० च्या मोटरबोट कायद्याने जीवरक्षक साधने, अग्निशामके इत्यादींची सक्ती केली. १९५८ च्या संघीय कायद्याने नौकेच्या लांबीऐवजी यंत्राची शक्ती हा निकष धरला आणि दहा अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या मोटरी लावलेल्या नौकांना क्रमांक घेणे आवश्यक केले. १९१८ चा तात्पुरता पाहुणा आता घरचा कर्ता झाला होता. १९७१ च्या कायद्याने यापुढचे पाऊल टाकून नौका बांधणाऱ्या कारखान्यांवरच सुरक्षिततेच्या मानकांची जबाबदारी टाकली. जी दक्षता एकेकाळी केवळ मालकाची होती, ती आता मालक, विक्रेता, उत्पादक आणि शासन यांत विभागली गेली.

५

या वाटणीत एक भागीदार मात्र कोणी हिशेबात धरला नव्हता. तो म्हणजे पाणी. दोन ठोक्यांच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनात जळालेला वायू बाहेर पडण्याचे आणि नवे मिश्रण आत येण्याचे द्वार काही क्षण एकाच वेळी उघडे असते. त्यामुळे इंधनाचा २५ ते ३० टक्क्यांपर्यंतचा भाग न जळताच बाहेर निसटतो, आणि आउटबोर्ड मोटरीचा धूर पाण्याखालीच सोडलेला असल्यामुळे तो, तेलासह, सरोवरात मिसळतो. झडपा नसल्यामुळे यंत्र साधे राहिले, निगा सोपी झाली. पण त्या सोपेपणाची काही किंमत पाण्याने चुकती केली.

होंडा कंपनीने १९६४ सालीच चार ठोक्यांची आउटबोर्ड मोटर काढली होती. परंतु अधिक वजन, अधिक भाग आणि अधिक किंमत यांमुळे हौशी ग्राहक तिच्याकडे दीर्घकाळ वळला नाही. अखेर निर्णय बाजाराने न करता कायद्याने केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली नव्या मोटरींच्या उत्सर्जनावर टप्प्याटप्प्याने कडक होत जाणाऱ्या मर्यादा घातल्या. कॅलिफोर्निया व नेव्हाडा यांच्या सीमेवरील, नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या टाहो सरोवरात १९९९ पासून कार्बुरेटरच्या दोन-ठोकी मोटरींना बंदी झाली. त्या दिवशी तेथील अनेक मालकांची, उत्तम निगा राखलेली व पूर्णपणे चालू स्थितीतील यंत्रे त्या पाण्यापुरती निरुपयोगी ठरली. यंत्र सुस्थितीत असणे आणि ते वापरण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. मालकाने आपल्या वस्तूची निगा राखली होती. आता सर्वांच्या मालकीच्या वस्तूची निगा त्याच्यापुढे उभी राहिली.

६

या नव्या मर्यादांना तोंड देताना जुन्या घराण्याची जी गत झाली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. एव्हिनरूड व जॉन्सन ही नावे चालविणाऱ्या ‘आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन’ने दोन-ठोकी इंजिनातच इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धती १९९० च्या दशकात आणली. तिच्या आरंभीच्या मोटरींत बिघाड फार झाले, हमीच्या दाव्यांचा बोजा वाढला, आणि इतर अडचणींची भर पडून डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळे काढले. पुढे कॅनडातील बॉम्बार्डिए समूहाने हे नाव विकत घेतले आणि २००३ साली ‘ई-टेक’ मोटर आणली. तिच्याविषयीचे मोठे आश्वासन असे की, सर्वसाधारण वापरात तीन वर्षे विक्रेत्याकडे नियमित देखभालीस नेण्याचे कारण पडणार नाही. आइस्क्रीमच्या कथेत जे अध्याहृत होते, ते जवळजवळ शंभर वर्षांनी असे लेखी आश्वासन बनले. परंतु मे २०२० मध्ये या मोटरींचे उत्पादन थांबविण्यात आले. सुटे भाग व हमी चालू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले. तथापि निगेचे काम ज्याने पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपविले होते, त्या मालकाला आपण कोणावर किती अवलंबून आहोत हे या घटनेने जाणवून दिले.

याच्या उलट चित्र जुन्या मोटरींच्या संग्राहकांत दिसते. १९६५ साली स्थापन झालेल्या ‘अँटिक आउटबोर्ड मोटर क्लब’चे सभासद १९२० च्या काळातील एल्टो व जॉन्सन मोटरी आजही पाण्यावर चालवितात. त्या मोटरी काढणारे कारखाने केव्हाच बंद पडले. मोटरी टिकल्या, कारण त्या उघडता येतात, त्यांचा भाग घरच्या लेथवर घडविता येतो, आणि ते कसे करावे हे सांगणारी माणसे एकमेकांच्या संपर्कात आहेत. येथे भूतकाळाचा गौरव करण्याचा हेतू नाही. याच जुन्या मोटरी पाण्यात सर्वांत अधिक तेल सोडतात, हे विसरून चालणार नाही. सुलभ निगा, स्वच्छ पाणी आणि मालकाचे स्वातंत्र्य या तीन गोष्टी एकाच यंत्रात आजवर पूर्णपणे एकत्र आलेल्या नाहीत, एवढाच निष्कर्ष इतिहास आपल्याला काढू देतो. आता विजेवर चालणाऱ्या आउटबोर्ड मोटरी पुन्हा पुढे येत आहेत. त्रूव्हेचा अपुरा राहिलेला प्रयोग त्यांच्या रूपाने पुन्हा सुरू झाला आहे. त्यांचे मूल्यमापनही याच तीन कसोट्यांवर करावे लागेल.

७

वरील विवेचनातून संशोधनाच्या पद्धतीविषयी एक सूचना निघते. वस्तूच्या मालकीचा विचार आपण बहुधा किंमत, विक्री आणि प्रतिष्ठा यांच्या परिभाषेत करतो. मालकी हा कर्तव्यांचाही एक समूह आहे, असे मानून त्या कर्तव्यांची वाटणी कालक्रमाने तपासली, तर कायदा, उद्योग, कुटुंब आणि निसर्ग यांचे संबंध एका वेगळ्या कोनातून दिसू लागतात. त्यासाठी लागणारी साधनेही वेगळी आहेत. एकस्वपत्रांपेक्षा माहितीपुस्तिका, जाहिरातींपेक्षा हमीपत्रे, कारखान्याच्या इतिहासापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याच्या वह्या येथे अधिक बोलक्या ठरतात.

हे काम दूरदेशीच करावयाचे असेही नाही. कोकण आणि गोवा यांच्या किनाऱ्यावर हेच यंत्र लहान मासेमारी होड्यांना लागलेले आहे. तेथे नौका विश्रांतीची नाही. मोटर बंद पडली तर त्या दिवसाची मिळकत बंद पडते, आणि निगेचे श्रम मालकाच्या फावल्या वेळातून न येता त्याच्या पोटातून येतात. अमेरिकन सरोवरावरील हौशी मालक आणि कोकणचा मच्छीमार यांच्या हाती एकाच घडणीचे यंत्र आहे. त्याची निगा राखण्याचा अर्थ मात्र दोघांना भिन्न आहे. किनाऱ्यावरील बंदरांत मोटरी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे ज्ञान बहुतांशी मौखिक असून ते त्यांच्या पिढीबरोबर लोपण्याचा संभव आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी ते वेळीच नोंदवून ठेवले, तर या इतिहासाचे दुसरे, आणि कदाचित अधिक महत्त्वाचे, अंग लिहिता येईल.